मतलई

फेब्रुवारीत, रात्री साडेदहाला,
देवगडच्या सड्यावरून दक्षिणेला बघावं.
हात लांब करून समुद्रावर वीत टेकवावी:
करंगळी क्षितिजावर, अंगठ्याच्या टोकाला
तो तारा.
साधाच दिसतो. पांढरा, जरासा निळसर,
ट्रॉलरवरच्या दिव्यांपुढे तर गरीबच.

मी आंब्याच्या रिकाम्या पेटीवर कॅमेरा ठेवते.
भिंगासमोर बारीक रेघा कोरलेली काच,
कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सही करून आणलेली.
तासाला दोनदा भिंग पुसावं लागतं,
मीठ बसतं.
आणि मोजपट्टी म्हणून इलेक्ट्रिशियनचा टेस्टर:
त्यातल्या इवल्या लाल दिव्यात निऑन असतो,
निऑनच्या रेघा कधी जागा सोडत नाहीत.

बाबल तारी शेजारी येऊन बसतात.
चाळीस वर्षं तांडेल,
आता पवनचक्क्यांचे राखणदार.
"वारो कोण चोरून नेतलो? पण पगार देतत."

स्क्रीनवर उजेड उलगडतो,
जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत एक पट्टी.
इतर ताऱ्यांच्या पट्टीत काळ्या रेघा असतात,
घासलेल्या ताटावरच्या चऱ्यांसारख्या.
याचं उलटं. उजेडाचे जाड फुगवटे,
कार्बनचे, हीलियमचे,
आणि एका फुगवट्याच्या जांभळ्या अंगाला
खाच.

ही खाच म्हणजे वारा, मी सांगते.
ताऱ्यावरून सुटलेला, आपल्या दिशेनं येणारा.
खाच जितकी सरकलेली तितका त्याचा वेग.

ते वाकून बघतात, चष्मा कपाळावर.
यात नवल वाटायचं त्यांना कारण नाही.
तेही असाच वाचायचे वारा:
तो दिसत नाही, लांबवर पाणी काळवंडतं,
आणि तेवढ्यावरून ठरवायचं
शीड ठेवायचं की नाही.

"किती जोर?"
सेकंदाला चौदाशे किलोमीटर. चूकभूल शंभरेक.
"आणि खंयचो वारो ह्यो? खारो की मतलई?"

पुस्तकात असा प्रश्न नव्हता.
मी टेस्टर हातात फिरवत राहिले.
मग म्हटलं, मतलई.
नुसती मतलई.
काठावरून निघते आणि बाहेर, आणखी बाहेर,
तिथे उन्हं चढत नाहीत, खारा वारा सुटत नाही,
गेलेलं काहीच माघारी येत नाही.
लाखभर वर्षांत हा तारा आपल्या अंगातून
एक अख्खा सूर्य उधळून देईल.

"ढकलता कोण?"

उजेड.
त्याचाच उजेड त्याच्या अंगावरची वाफ
रेटत नेतो.

बाबल तारी हसले, आज पहिल्यांदाच.
"वाऱ्यान दिवो विझता.
दिव्यान वारो सुटलेलो मिया खंय बघूक नाय."

माझ्याकडे समीकरण होतं. मी ते काढलं नाही.

अकराच्या सुमारास सड्यावरचं गवत हललं.
भाजावळीचा धूर, काजूच्या मोहराचा वास,
सगळं आमच्या पाठीवरून समुद्राकडे निघालं.
दोन नंबरच्या चक्कीचं पातं करकरलं, फिरलं,
चार नंबर गंजलेलीच आहे, ती तशीच उभी.
खाली बंदरातून एक होडी सुटली,
इंजिन बंद ठेवून, थोडा वेळ.

"मतलयेन होडी भायर जाता," ते म्हणाले,
"परत येवक खारो वारो व्हयो."
त्यांचा नातू गेली तीन वर्षं मालवाहू जहाजावर आहे.
ते त्याच्याबद्दल बोलत होते की नाही,
मला कळलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं,
जुन्या परदेशी खलाशांनी
या भागातल्या ताऱ्यांना शीड म्हटलंय.

ते उठले. बॅटरी लावली, तारा पुसट झाला,
विझवली, परत आला.
"तर मगे," जाता जाता म्हणाले,
"शीड उतरवा म्हणान सांग तेंका."

मी भिंग पुसलं.
पुढची पंधरा मिनिटं उघडं ठेवलं.